नवी पाटी, जुने विमापत्र

सीमाभागातील माणसास कागदाचे मोल कोणी शिकवावयास नको. उताऱ्यावरील नावात एक अक्षर चुकले तर शेताचे व्यवहार अडतात, शाळेच्या दाखल्यात काना-मात्रा चुकली तर नोकरी अडते, हे येथील शाळकरी पोरही जाणते. असे असता एका कागदाच्या बाबतीत आपण सुशिक्षित म्हणविणारे लोक विलक्षण बेफिकीर आहोत, हे आज स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे. तो कागद म्हणजे मोटारीचे विमापत्र. गाडीची पाटी बदलते, 'एमएच' जाऊन 'केए' येते, नोंदणीपुस्तक नवे होते. परंतु विमापत्रावर जुनाच क्रमांक सुखाने नांदत राहतो. हप्ता भरला की विम्याविषयीचे आपले कर्तव्य संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत खोटी आहे, आणि ज्या दिवशी ती खोटी ठरते तो दिवस बहुधा अपघाताचाच असतो.

हा प्रश्न साऱ्या देशाचा असला तरी त्याची झळ सीमेवरील गावांना जितकी लागते तितकी ती आतल्या मुलखास लागत नाही. निपाणीचा मनुष्य कागलला जातो तो परराज्यात म्हणून जात नाही, बाजाराला म्हणून जातो. चंदगडची लेक बेळगावी दिली जाते, बेळगावचा मुलगा पुण्यास नोकरी धरतो, खानापूरचा कारागीर गोव्यात काम पाहतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ह्या व्यवहारांच्या मधून जी रेषा ओढली गेली तिच्याविषयीचे आमचे मत वाचकांस ठाऊक आहे. त्याची उजळणी करण्याचे आज प्रयोजन नाही. त्या रेषेचा दावा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. परंतु तो निकालात निघेपर्यंत मोटारींचा कायदा ती रेषा मानतो, आणि अपघात तर कोणत्याच निकालाची वाट पाहत नाही.

कायदा काय म्हणतो ते प्रथम पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमान्वये एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली गेली, तर मालकाने तेथील परिवहन कार्यालयात अर्ज करून नवा क्रमांक घेतला पाहिजे. त्यासाठी पहिल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो, गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेची संमती लागते, आणि नव्या राज्याचा कर भरावा लागतो. कोल्हापूरची 'एमएच ०९' बेळगावी येऊन 'केए २२' होते ती ह्या वाटेने. राज्यातल्या राज्यात गाव बदलले, म्हणजे चिकोडीचे बिऱ्हाड बेळगावास आले, तर क्रमांक बदलत नाही. मात्र ४९ व्या कलमाप्रमाणे ३० दिवसांच्या आत पत्ता बदलल्याची वर्दी द्यावी लागते. ह्या दोन गोष्टींची गल्लत करणारे लोक आपल्यात पुष्कळ आहेत. एक जण क्रमांक बदलण्याची गरज नसता धास्तावतो, तर दुसरा गरज असता दहा वर्षे निर्धास्त फिरतो.

क्रमांकाची आणखीही एक वाट २०२१ च्या सप्टेंबरपासून खुली झाली आहे. सैन्यातील, केंद्र व राज्य सरकारच्या व सार्वजनिक उद्योगांच्या नोकरीतील, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी कंपन्यांतील माणसांस 'बीएच' मालिकेचा क्रमांक घेता येतो. हा क्रमांक राज्य बदलले तरी बदलत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या गावात आहे त्या बेळगावात अशा सवलतीचे मोल सांगावयास नको. परंतु जुनी राज्यवार पाटी काढून 'बीएच' पाटी लावली की तेथेही क्रमांक बदललाच, आणि विमापत्राचा प्रश्न जसाच्या तसा पुढे उभा राहिला.

आता मुख्य मुद्दा. विमा हा करार आहे. कंपनी एका विशिष्ट गाडीची जोखीम पत्करते, आणि ती गाडी कोणती हे ओळखण्याच्या खुणा विमापत्रावर लिहिलेल्या असतात: नोंदणी क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, चासीचा क्रमांक, गाडीची बनावट व वर्ष, मालकाचे नाव व पत्ता, कर्ज असल्यास बँकेचे नाव, आणि गाडी कोठे नोंदली आहे ते ठिकाण. ह्यांपैकी इंजिन व चासी ह्यांचे क्रमांक गाडीच्या अंगावर कोरलेले असतात. पाटी बदलली तरी ते बदलत नाहीत. म्हणूनच पुष्कळ लोक विचारतात, "चासी तीच, मालक तोच, हप्ताही भरलेला, मग पाटीचा आकडा बदलला तर बिघडले काय?"

प्रश्न योग्य आहे आणि त्यास प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. भीती घालून शहाणपण शिकविण्याची पद्धत आम्हांस मान्य नाही. केवळ पाटी बदलली म्हणून विमा आपोआप रद्द होतो असे नाही. तीच गाडी, तोच मालक हे चासीच्या क्रमांकावरून व ना-हरकत दाखल्यावरून सिद्ध करता येते. परंतु 'सिद्ध करता येते' आणि 'सिद्ध करावे लागत नाही' ह्या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अपघातानंतर पोलीस पंचनाम्यात पाटीवरचा नवा क्रमांक लिहितात. गॅरेजवाला दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात नवा क्रमांक लिहितो. विमा कंपनीच्या दप्तरात मात्र त्या क्रमांकाची गाडीच नाही. कंपनीचा निरीक्षक खुलासा मागतो, खुलाशास कागद जोडावे लागतात, कागदांसाठी पुन्हा दोन राज्यांची कार्यालये पालथी घालावी लागतात, आणि तोवर गाडी गॅरेजात धूळ खात पडते. ज्याची ती गाडी भाड्याने चालते त्याच्या घरची चूल त्या काळात कशावर पेटावी, हे निरीक्षकाच्या अर्जात कोठेही विचारलेले नसते.

चोरीच्या प्रसंगी तर ही अडचण दुप्पट होते. अपघातात गाडी निदान डोळ्यांपुढे असते, चासीचा आकडा वाचून दाखविता येतो. चोरीस गेलेल्या गाडीची चासी कोण दाखविणार? तेथे उरतो तो केवळ कागद. फिर्यादीत एक क्रमांक आणि विमापत्रात दुसरा, असे असेल तर कंपनीस शंका घेण्यास आपणच जागा करून दिली असे होते.

नोंदणीच्या बाबतीत न्यायालये किती कठोर होऊ शकतात ह्याची दोन उदाहरणे ध्यानी ठेवण्यासारखी आहेत. २०११ साली जोधपूर येथे एक नवी गाडी चोरीस गेली. विमा चालू होता. परंतु तात्पुरत्या नोंदणीची मुदत काही दिवसांपूर्वीच संपली होती आणि कायमची नोंदणी झालेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२१ रोजी निर्णय दिला की, वैध नोंदणीवाचून गाडी वापरणे हा विम्याच्या कराराचा मूलभूत भंग आहे, सबब कंपनी भरपाई देण्यास बांधलेली नाही. २०१४ सालीही तात्पुरती नोंदणी संपलेल्या गाडीच्या अपघातात त्याच न्यायालयाने असाच निकाल दिला होता. हे दोन्ही निकाल तात्पुरत्या नोंदणीचे आहेत. जुन्या राज्याची चालू नोंदणी असलेल्या गाडीस ते जसेच्या तसे लागतात असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यांतून निघणारा बोध साऱ्यांनाच लागू आहे. नोंदणी आणि विमा ही दोन स्वतंत्र दप्तरे आहेत अशी आपली कल्पना असली तरी न्यायालय ती दोन्ही एकत्र ठेवून वाचते.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी आणखी एक निकाल लक्षात ठेवावा. निपाणीचा मनुष्य कोल्हापुरात जुनी गाडी घेतो तेव्हा पाटीही बदलते आणि मालकही बदलतो. कायद्याच्या १५७ व्या कलमाप्रमाणे गाडी हस्तांतरित होताच त्रयस्थाच्या नुकसानीपुरता विमा नव्या मालकाकडे आला असे मानले जाते, आणि नव्या मालकाने १४ दिवसांच्या आत कंपनीकडे बदलाचा अर्ज करावयाचा असतो. परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असा आपोआप येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले आहे. तो यावा म्हणून कंपनीशी नवा करार व्हावा लागतो. 'विमा चालू आहे, डिसेंबरपर्यंत काळजी नाही' असे विकणाऱ्याने सांगितले की घेणारा निश्चिंत होतो. तो विमा कोणाचा व कशाचा, हे कोणी विचारीत नाही.

येथवर आम्ही मालकाच्या हिताचे बोललो. परंतु हा प्रश्न केवळ मालकाचा असता तर त्यावर अग्रलेखाचे रकाने खर्चण्याचे आम्हांस कारण नव्हते. ज्याची गाडी त्याची चिंता, म्हणून तो सोडून देता आला असता. विम्याच्या सक्तीचा जन्म मालकासाठी झालेलाच नाही. तो रस्त्यावरून पायी जाणाऱ्या माणसासाठी झाला. आज कायद्याचे १४६ वे कलम जी सक्ती करते ती त्रयस्थाच्या विम्याची. सायकलवरून दूध घालणारा गवळी, शाळेतून परतणारी मुलगी, उसाच्या गाडीपुढे चालणारा बैलवाला ह्यांना कोणाच्या गाडीने उडविले तर त्यांच्या कुटुंबास भरपाई मिळावी, मग गाडीवाला श्रीमंत असो की कफल्लक, हा त्या सक्तीचा हेतू.

अशा कुटुंबाच्या हाती काय असते? पंचनाम्यातील पाटीचा क्रमांक, एवढेच. त्या क्रमांकावरून विमा कंपनी शोधावयाची आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उभे राहावयाचे. त्या क्रमांकाचा विमा आमच्या दप्तरी नाही, असे उत्तर कंपनीने दिले की ती विधवा किंवा तो म्हातारा बाप आधी गाडीची जन्मकुंडली जुळविण्यात गुंततो. सत्य अखेरीस बाहेर येते. परंतु ते येईपर्यंत तारखांमागून तारखा पडतात, इस्पितळाचे बिल सावकाराकडून भागवावे लागते आणि मुलांची शाळा सुटते. आपण एक अर्ज करण्याचा कंटाळा केला, त्याची किंमत ज्याने आपले काहीही वाकडे केले नव्हते त्याने भरावी, हा कोठला न्याय? दुसऱ्याच्या दप्तरदिरंगाईविरुद्ध आपण रोज आवाज उठवितो. मग आपल्या हातून घडलेल्या दिरंगाईस वेगळे माप लावण्याचा आपणास अधिकार नाही.

शिवाय पाटी तपासण्याची रीतही बदलली आहे. पूर्वी पोलीस गाडी अडवून कागद पाहत असे; आता 'वाहन' ह्या केंद्रीय नोंदवहीत क्रमांक घातला की नोंदणी, विमा, प्रदूषण-दाखला सारे समोर येते. कित्येक राज्यांत रस्त्यावरील कॅमेरे व टोलनाके हेच काम माणसावाचून करतात. जुन्या क्रमांकावरील विमा नव्या क्रमांकापुढे उमटला नाही तर यंत्रास आपली गाडी विमा नसलेली दिसण्याचा संभव आहे, आणि विम्याविना गाडी चालविण्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेस २,००० रुपये व पुढच्या खेपेस ४,००० रुपये आहे. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदही आहे. यंत्राशी हुज्जत घालता येत नाही. नोंदच बिनचूक ठेवणे हा एकच उपाय.

तो उपाय कठीण आहे काय? मुळीच नाही. नवे नोंदणीपुस्तक हाती येताच त्याची प्रत, चालू विमापत्र आणि एक साधा अर्ज कंपनीकडे द्यावा. कंपनी मूळ करार कायम ठेवून दुरुस्तीची पुरवणी नोंद करते. तिला विम्याच्या व्यवहारात 'एंडॉर्समेंट' म्हणतात. ही नोंद लेखी हाती पडेपर्यंत काम झाले असे मानू नये. 'साहेब, मी सांगितलंय, होऊन जाईल' हे दलालाचे वाक्य म्हणजे एंडॉर्समेंट नव्हे. नोंद हाती आल्यावर नवा क्रमांक, चासी व इंजिनाचे आकडे, नाव, पत्ता आणि नोंदणीचे ठिकाण हे सारे पुस्तकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. इंग्रजी 'ओ' आणि शून्य ह्यांची अदलाबदल नित्याची आहे.

येथे दोन बारकावे सांगितले पाहिजेत. पहिला असा की, १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा त्रयस्थ विमा तीन वर्षांचा व दुचाकीचा पाच वर्षांचा घ्यावा लागतो, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा पुष्कळ जण वर्षावर्षाने, प्रसंगी दुसऱ्याच कंपनीकडून घेतात. अशा वेळी विमापत्रे दोन असतात आणि नोंद दोन्हींवर व्हावी लागते. एकावर करून दुसरे विसरणारे थोडे नाहीत. दुसरा बारकावा हप्त्याचा. स्वतःच्या नुकसानीच्या विम्यासाठी मोटारींचे दोन विभाग मानण्याची वहिवाट आहे. अहमदाबाद, बेंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली व पुणे ही आठ शहरे पहिल्या विभागात, आणि उरलेला देश दुसऱ्यात. पुण्याची गाडी बेळगावची झाली तर हप्ता किंचित उतरण्याचा, आणि बेळगावची गाडी बेंगळूरला गेली तर किंचित चढण्याचा संभव असतो. फरकाची रक्कम मोठी नसते. परंतु जोखमीशी संबंध असलेली गोष्ट कंपनीस ठाऊक नव्हती, असे म्हणण्यास जागा का ठेवावी? विम्याचा सारा व्यवहार परस्परांच्या पूर्ण सचोटीवर उभा असतो, असे कायदा मानतो.

ह्याबरोबरच फास्टॅग, प्रदूषण-दाखला आणि कर्ज असल्यास बँकेचे दप्तर ह्यांतही नवा क्रमांक घालून घ्यावा. कोगनोळीच्या वा हत्तरगीच्या नाक्यावर फास्टॅग जुन्या क्रमांकाचा आणि पाटी नव्या क्रमांकाची, असा खेळ होऊ देऊ नये. जुनी पाटीही आठवण म्हणून दुसऱ्या गाडीवर मिरवू नये. तसे करणे गुन्हा आहे.

नागरिकाचे कर्तव्य सांगून झाल्यावर सत्ताधाऱ्यांस व कंपन्यांसही चार शब्द सांगणे भाग आहे. परिवहन कार्यालय नवा क्रमांक देते तेव्हा चासीचा आकडा, विमा कंपनीचे नाव व विमापत्राचा क्रमांक त्याच्या समोर असतो. 'वाहन' नोंदवही साऱ्या देशाची एक आहे. मग नवा क्रमांक दिला गेला त्याच क्षणी तो विमा कंपनीस कळविला का जाऊ नये? दंड आकारण्यासाठी दोन दप्तरे एका क्षणात एकमेकांशी बोलतात आणि नागरिकाच्या सोयीसाठी मात्र मुकी होतात, हा प्रकार आम्हांस समर्थनीय वाटत नाही. निदान नवे पुस्तक देताना 'विमा कंपनीस कळवा' अशी ठळक सूचना त्यासोबत द्यावी, एवढे तरी कोणत्याही नव्या कायद्यावाचून करता येईल. कंपन्यांनीही केवळ क्रमांक बदलण्याची नोंद विनामूल्य व ठरीव दिवसांच्या आत करून द्यावी. हप्ता घेताना त्यांची तत्परता आम्ही पाहतो. तीच नोंदीच्या वेळी दिसावी.

आणि भाषेचा मुद्दा येथे टाळता येत नाही, कारण तो ह्या प्रश्नाच्या गाभ्यातच आहे. सामान्य गाडीवाल्याच्या हाती विमापत्र पडते ते इंग्रजीत; परिवहन कार्यालयाच्या सूचना असतात त्या कन्नड वा इंग्रजीत. ज्या भागात भाषिक अल्पसंख्यांचे प्रमाण १५ टक्के वा त्याहून अधिक आहे तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, असे संकेत भाषिक संरक्षणाच्या योजनेत केव्हाच मान्य झालेले आहेत. ते येथे पाळले जावेत, ही मागणी कोणाच्या विरुद्ध नाही. जी अट माणसास वाचता येत नाही ती पाळण्याची त्याच्यावर सक्ती करणे आणि न पाळल्यास त्याची भरपाई नाकारणे, हे कोणत्याही राज्यात अन्यायाचेच ठरेल. बेळगावात मराठी चालकास, आणि महाराष्ट्रात कन्नड चालकास, त्याच्या भाषेत ही सूचना मिळालीच पाहिजे.

तोवर आपण हातावर हात ठेवून बसावे काय? नव्हे. सरकार सुधारेल तेव्हा सुधारो, आपल्या घरचा कागद आजच सुधारता येतो. प्रत्येक गल्लीत एखादा तरी शिकलेला तरुण असतो, प्रत्येक मंडळाचे एखादे कार्यालय असते. येत्या रविवारी तेथे एक टेबल मांडावे, शेजाऱ्यापाजाऱ्यांस आपापली नोंदणीपुस्तके व विमापत्रे घेऊन बोलवावे, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून क्रमांक ताडून पाहावेत. जेथे फरक आढळेल तेथे अर्ज तेथल्या तेथे लिहून द्यावा, आणि कंपनीची पोच मिळेपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा. मोर्चे, निवेदने आणि धरणी ह्यांचा अनुभव असलेल्या ह्या समाजास एका रविवारचे हे काम जड जाऊ नये. रिक्षावाले, टेंपोवाले व भाड्याच्या गाड्या चालविणारे ह्यांच्यापासून त्याचा आरंभ व्हावा, कारण त्यांची गाडी थांबली की घर थांबते.